लॉन बोल्ससाठी बारा जण पाहिजेत

वाशिम जिल्ह्यात लॉन बोल्स हा खेळ कुणी रुजवणार असेल, तर तो मीच! हे वाक्य मी दिवाळी झाल्यापासून कमीत कमी चाळीस जणांना ऐकवलं. त्यातल्या अडतीस जणांनी विचारलं, हे असतं काय? उरलेल्या दोघांनी विचारलंसुद्धा नाही. त्यातली एक आमची बायको.

तुम्हीही विचाराल, म्हणून आधीच सांगून टाकतो. एक सपाट मैदान लागतं. पलीकडच्या टोकाला छोटा पिवळा चेंडू. अलीकडच्या टोकावरून आपण काळे, जड, मोठ्या बेलफळाएवढे चेंडू जमिनीवरून घरंगळत सोडायचे. ज्याचा चेंडू पिवळ्याच्या जास्त जवळ, तो जिंकला. धावपळ नाही, धक्काबुक्की नाही. भानगड एकच. हे काळे चेंडू मुद्दाम एका अंगानं कललेले घडवतात, त्यामुळे ते सरळ जातच नाहीत, वळण घेत जातात. मी हे सगळं मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. म्हणजे बघून झालं होतं, शिकणं चालू होतं.

मी मारोतराव. अनसिंगच्या एका शाळेत सव्वीस वर्षं खेळाचा शिक्षक आहे. आमच्या जिल्ह्याच्या संघटनेकडे सोळा चेंडूंचा एक संच आला आणि तो मागणारे दोघे निघाले. एक मी. दुसरे मंगरूळपीरचे गुलाबराव. तेही खेळाचे शिक्षक आणि त्यावर कडी म्हणजे माझे सख्खे साडू! आम्ही पत्र्याच्या जागी स्लॅब टाकला, तर त्यांनी स्लॅबवर मजला चढवला. त्यांनी चारचाकी घेतली त्या वर्षी आमच्या घरात दिवाळीचा चिवडासुद्धा मला अबोल्यात खावा लागला. तेव्हा हा संच म्हणजे नुसता खेळाचा प्रश्न नव्हता.

संघटनेच्या साहेबांनी मधला मार्ग काढला. संच पंधरा दिवस माझ्याकडे राहील. पंधराव्या दिवशी, रविवारी, ते स्वतः येतील. वीस वर्षांखालचे बारा नवोदित खेळाडू मैदानावर दिसले तर संच अनसिंगचा. नाही दिसले तर सोमवारी मंगरूळपीरला. मी म्हटलं, साहेब, बाराच का? बाराशे सांगा!

पहिला आठवडा मी पोरांच्या मागे नुसता भिरभिरत होतो. पानठेल्यावर गेलो, व्यायामशाळेत गेलो, क्रिकेटच्या मॅचमध्ये भर पिचवर जाऊन उभा राहिलो. तिथला कप्तान बबलू माझाच जुना विद्यार्थी. त्यानं चेंडू हातात घेऊन उलटापालटा केला.

"सर, याच्यात आउट कसं होते?"

"आउट होतच नाही."

"मंग भांडाचं कायच्यावरून?"

मी चेंडू परत घेऊन पिचवरून उतरलो. शाळेतल्या मुलांच्या आईबापांनी दहावीचं कारण सांगितलं, त्यातल्या दोघांची मुलं पाचवीत होती. दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारपर्यंत माझी यादी तयार झाली. तिच्यात वर शीर्षक होतं, खाली एक ते बारा आकडे होते आणि नावाच्या जागी कोरा कागद. मी स्वयंपाकघर ते अंगण अशा येरझारा घालायला लागलो. शेवटी ललिता, म्हणजे आमची बायको, म्हणाली की तुमच्या पायाखालची फरशी झिजेल, एक तर बसा नाही तर बाहेर जा.

शुक्रवारी मला सुचलं. व्हॉट्सअॅप! आजकालची पोरं तोंडी सांगून ऐकत नाहीत, मोबाइलनं सांगितलेलं ऐकतात. ललिताला म्हटलं, माझा चेंडूसोबत झकास फोटो काढ. तर तोंड आलं की चेंडू जाई आणि चेंडू आला की तोंड जाई. शेवटी मी चेंडू वर घेतला, हनुवटीखाली मानेला टेकवला, कोपर बाहेर काढलं आणि हसलो. दोन्ही आले. खाली लिहिलं, "नवीन मुलामुलींना मोफत प्रशिक्षण. रविवारी सकाळी सात वाजता. अनुभवाची गरज नाही. पुढे नोकरीतही उपयोग." हे शेवटचं वाक्य खेळाडूंच्या राखीव जागा डोक्यात ठेवून टाकलं होतं आणि त्यावर मी बेहद्द खूश होतो. फोटो सगळ्या ग्रुपवर पाठवला, अगदी भजनी मंडळाच्यासुद्धा.

रविवारी साडेसहाला मैदानावर पोहोचलो आणि डोळ्यांवर विश्वास बसेना. साठाच्या वर पोरं! पोरीही होत्या. मोटरसायकलवर तिघं तिघं बसून पोहरादेवीकडून आलेली होती. दोघं तर चक्क मंगरूळपीरची! मी ताबडतोब गर्दीचा व्हिडिओ काढून साडूंना पाठवला, खाली नमस्काराचा हात टाकला.

आणि शिस्त तर काय सांगू. कुणी न सांगता पोरं मैदानाला चकरा मारत होती. काही जण जोर काढत होते. घरंगळत्या चेंडूच्या खेळाला जोर कशाला, असा विचार मनात आला, नाही असं नाही. पण मी तो दाबला. तरुण रक्त आहे म्हटलं, सळसळणारच.

मी पेटी उघडली. गावातल्या रऊफ टेलरचा खालिद पुढे आला. त्यानं एक चेंडू तळहातावर तोलला आणि हा तर लयच हलका आहे, अशी तक्रार केली. मी त्याला समजावलं की हा नजाकतीचा खेळ आहे. त्यानं विचारलं, आधी हलक्यानं हात बसवायचा आणि मग जड, असंच ना? मी म्हटलं, शाबास. आठ जणांना एका रांगेत उभं केलं, मागे दुसरे आठ. सगळ्यांच्या हाती चेंडू दिले आणि पिवळा चेंडू ठेवायला मी पलीकडच्या टोकाकडे निघालो.

वीस पावलं गेलो असेन, तेवढ्यात डोक्यावरून काहीतरी गेलं. मागोमाग आणखी एक गेलं. वळून बघतो तर आठ पोरं, आठही जणांचे चेंडू हनुवटीखाली, कोपर बाहेर, एका पायावर गिरकी आणि दे फेकून! सव्वासात किलोच्या गोळ्यावर तयार झालेले ते हात, त्यांत दीड किलोचा चेंडू. तो थांबणार कुठे? माझ्या हातातल्या पिवळ्यावरून गेला, मैदानावरून गेला, कुंपण ओलांडून शेजारच्या शेतात, भागिरथाबाईंच्या तुरीत जाऊन पडला.

मी जमिनीवर आडवा झालो. आडव्यानंच खिशातली शिट्टी काढली आणि छातीतला सगळा जोर लावून फुंकली. आता सांगा, खेळाच्या मास्तरानं दुसरं काय करायचं? पण जिथून ही पोरं आली होती, तिथे शिट्टी म्हणजे पुढच्या रांगेनं फेकायचं. दुसऱ्या आठ जणांनी फेकले!

तुरीतून भागिरथाबाई उठल्या. शेंगा तोडायला बसल्या होत्या. कुठे लागलं नव्हतं, देवाची कृपा. एका हातात टोपलं आणि टोपल्यात हिरव्या शेंगांवर आमचा काळा चेंडू.

"काहून मास्तर," त्या म्हणाल्या, "माह्या तुरीनं तुमचं काय घोडं मारलं?"

त्याच वेळी फाटकातून साहेबांची गाडी आत आली.

मी कपडे झटकत उभा राहिलो. खालिद धावत आला आणि विचारायला लागला की किती मीटर गेला. मी ओरडलो, अरे हे काय करून राहिला? तो गोंधळला. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला.

"सर, हे पोलीस भरतीचं ग्राउंड नाही का?"

मी फोटो पाहिला. मान तिरकी, चेंडू हनुवटीखाली, कोपर बाहेर. खाली लिहिलेलं, पुढे नोकरीतही उपयोग. हीच गोळाफेकीची ढब मी सव्वीस वर्षं पोरांना घोटून घोटून शिकवली आहे! जिल्ह्यात ती माझ्याइतकी कुणाला चांगली येत नसेल. 

पोरं भली, तुरीत शिरून त्यांनी चेंडू शोधून दिले. भागिरथाबाई मोडलेल्या एकेका फांदीचं नाव घेऊन त्यांना शिव्या देत होत्या. साहेब हात मागे बांधून हे सगळं पाहत होते. त्यांनी विचारलं, हे सगळे नवोदित? आणि वाचकहो, मी खोटं बोललो. म्हटलं, हो साहेब, सगळेच्या सगळे लॉन बोल्सचे.

साहेबांनी मोठ्या आवाजात विचारलं, लॉन बोल्ससाठी कोण कोण आलंय, हात वर करा. साठ पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. एकही हात वर जाईना. मी डोळ्यांनी खुणा केल्या, गंमत बघायला आलेल्या क्रिकेटवाल्या बबलूला तर चिमटाही काढला. काही नाही.

मग मागून एक बारकी पोरगी पुढे आली. सुकेशनी, आमच्याच गावची, अठरा-एकोणीस वर्षांची.

"सर, याच्यात उंची मोजते का?"

साहेब म्हणाले, नाही.

"भरतीत मले उंचीवरूनच बाहेर काढलं. दीड सेंटीमीटर कमी भरली. सरावात धावण्यात पहिली व्हती मी." एवढं बोलून तिनं चेंडू मागितला.

कुणी हसलं नाही. पोरांच्या माना खाली गेल्या, कारण त्यांतल्या निम्म्यांना त्या दीड सेंटीमीटरची धास्ती ठाऊक होती.  पंधरा दिवस मी पोरं मोजत फिरलो, पण यांना काय हवंय हे एकालाही विचारलं नव्हतं.

मी पिवळा चेंडू पलीकडे नेऊन ठेवला. तिचा पहिला चेंडू भलतीकडे गेला. दुसरा सोडण्याआधी तिनं तो दोन्ही हातांत फिरवून कुठून जड आहे ते चाचपलं. मग वाकून सोडला. तो उजवीकडे गेला, गेला, गेला असं वाटलं आणि हळूच आत वळून पिवळ्यापासून वीतभर अंतरावर थांबला. मी टाळ्या वाजवत सुटलो. संच, साडू, बारा, त्या क्षणी मला काही आठवत नव्हतं.

साहेबांना मात्र आठवत होतं. त्यांनी वहीत लिहिलं: उपस्थित त्रेसष्ट, नवोदित एक. सोमवारी पेटी मंगरूळपीरला रवाना झाली.

पण सुकेशनीला खेळायचंच होतं. तिचे वडील म्हणाले, एकटी जाणार नाही, सर सोबत असतील तर पाठवतो. म्हणून आता दर रविवारी सकाळच्या एसटीनं मी तिला साडूंच्या मैदानावर घेऊन जातो. काठावर उभा राहतो आणि गुलाबरावांच्या चुका मोजतो.

गेल्या रविवारी साहेब तिथे मोजणीला येणार होते. अनसिंगचा अनुभव घेतल्यावर त्यांनी वयाची अट काढून टाकली होती. तरीही गुलाबरावांचे भरले अकराच, सुकेशनी धरून! बारा झाले नाहीत तर पेटी जिल्ह्याला परत जाणार आणि पोरीचा खेळ बंद. गुलाबराव घामाघूम होऊन माझ्यासमोर आले. हातात एक फॉर्म होता. त्यांनी पेन पुढे केला.

मी मैदानाकडे पाहिलं. सुकेशनी चेंडू पुसत उभी होती. मी सही केली. नवोदित खेळाडू: मारोतराव. वय: बावन्न. प्रशिक्षकाचे नाव: गुलाबराव.

माझा पहिला चेंडू थेट साहेबांच्या बुटावर गेला. तेव्हा साडूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अकरा पोरांच्या देखत म्हणाले, "घाबरू नका मारोतराव, नवीन पोरायचं असंच होते."