उताऱ्यात नसलेलं उत्तर

मीरा, अनय, प्रवेशपरीक्षेचे इंग्रजी उतारे वाचून रडू येतं, असं तुम्ही पत्रात लिहिलंत. म्हणून आज देविदासबद्दल लिहिते. इतकी वर्षं टाळलं.

देविदास उताऱ्यांशी भांडायचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तो मूळ खाप्याचा, कोराडीच्या वीज केंद्रात कारकून. दर रविवारी बसने धरमपेठेत आमच्याकडे यायचा, कॉलरवर राखेची रेघ घेऊन. त्याला दिल्लीला एम.एस्सी. करायचं होतं. गणितात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. प्रवेशपरीक्षेत दोनदा आपटला तो इंग्रजीच्या उताऱ्यांवर. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, म्हणून माझ्याकडे आला.

नियम सोपा. उतारा वाचायचा, चार पर्यायांतून उताऱ्यात असलेलं उत्तर निवडायचं. देविदास खरं असलेलं निवडायचा.

"बाई, या लेखकानं मधमाशी पाह्यली तरी हाये काय? म्हणे, धुरानं माश्या झोपतात! मले चावल्या ना धुरात!"

"अरे, पण उताऱ्यात झोपतात ना?"

"मंग उतारा चुकून राह्यला."

तुमचे आजोबा व्हरांड्यातून हाक मारायचे, "काय गा देविदास, आज कोणाशी भांडण?"

"उताऱ्यातल्या जमीनदाराशी, साहेब. मोठा डांबरट मानूस हाये!"

तिसऱ्या वर्षी त्याचं वय अटीच्या काठावर आलं. हीच शेवटची संधी. परीक्षेआधीच्या रविवारी तो डोकं भादरून आला. खाप्याला आई गेली होती, शुक्रवारी तेरवी झाली होती. त्याचं तेवढंच माणूस. मी नेमाप्रमाणे उतारा पुढे ठेवला.

नदीवर पूल होतो, तरी म्हातारा नावाडी रोज काठावर जाऊन बसतो. का? उताऱ्यात स्पष्ट होतं: पूल टिकेल असा त्याला भरवसा नव्हता. देविदासने चारही पर्याय सोडून वहीत उत्तर लिहिलं: घरी त्याची वाट पाहणारं कोणी उरलं नव्हतं.

मी लाल पेन्सिलने फुली मारली. "कुठं लिहिलंय हे?"

तो ओळीओळीवर बोट फिरवत खरंच शोधू लागला. मग म्हणाला, "लिहेल नाही, बाई."

"मग?"

"काही नाही. परीक्षेत नाही करनार असं."

चहा न घेताच तो उठला. वही टेबलावरच राहिली.

परीक्षेत त्याने काय केलं, मला कळलं नाही. यादीत नाव नव्हतं. तो परत आला नाही. कोराडीची बस आमच्या चौकातून जायची. मी कधी तीत चढले नाही.

वही माझ्या कपाटात आहे. नावाड्याचं उत्तर अजून वाचता येतं. त्यावरची माझी फुलीही तशीच आहे.