चवीपुरता दोष

जाहिरात कशी करावी, हे मला कोणी शिकवू नये! उद्या मला गळका माठ दिलात, तर 'झाडांना आपोआप पाणी घालणारा माठ' म्हणून तो विकून दाखवीन, असं मी गेल्या महिन्यापर्यंत छाती फुगवून सांगत होतो. आता छाती जागेवर आहे.

आमची कंपनी प्रोग्रामर लोकांसाठी अवजारं बनवते. अवजारं म्हणजे पाना-पक्कड नव्हे, सॉफ्टवेअर! त्यातलं मुख्य म्हणजे 'पुनश्च'. प्रोग्रामर दिवसभर जे लिहितो ते 'पुनश्च' गुपचूप जपून ठेवतं. त्याने काही घोळ घातला की 'मागे' नावाचं बटण दाबायचं, की सगळं तासाभरापूर्वी होतं तसं! हे बटण माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, सहा वर्षं खपून बनवलं. मला या नोकरीला चिकटवलं तेही तिनेच. मला स्वतःला प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नाही. प्रोग्रामर मंडळींत 'पुनश्च'चा गाजावाजा करायचा, एवढंच माझं काम.

आता ही मंडळी म्हणजे वेगळीच जमात! जाहिरातीचा नुसता वास आला तरी नाक मुरडतात. त्यांच्या गप्पांच्या संकेतस्थळावर मी तीन महिने रोज 'पुनश्च'चे गोडवे गायले. मिळाले काय? चार अंगठे. त्यातला एक माझा आणि एक आईचा.

इकडे साहेबांनी ताईला सांगून ठेवलेलं, "महिनाअखेरपर्यंत लोकांनी 'पुनश्च' उचलून धरलं, तर अख्खा विभाग तुमच्या हाताखाली." म्हणजे मी पुढे जे काही केलं ते ताईसाठीच केलं! (हे वाक्य मी नंतर बऱ्याच जणांना ऐकवलं. कोणावरही परिणाम झाला नाही.)

तीन महिन्यांत एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. हे लोक कौतुक करणाऱ्यावर विश्वास ठेवत नाहीत, कुरकुर करणाऱ्यावर ठेवतात! मग काय, मी 'खडूस' या नावाने खातं उघडलं आणि लिहिलं, "बावीस वर्षं या धंद्यात आहे. सगळी अवजारं भंगार. 'पुनश्च' त्यातल्या त्यात बरं." वाचून पाहिलं. जरा गोडच वाटलं. म्हणून चवीपुरता एक दोष घातला. "फक्त 'मागे' दाबल्यावर कधीकधी शेवटची एक ओळ गायब होते."

हजार ओळींतली एक ओळ! एवढं कोण मनावर घेतंय?

दुसऱ्या दिवशी कचेरीत पोचलो, तर ताईच्या टेबलाभोवती ही गर्दी! ताईचा चेहरा पांढराफटक.

"काय झालं गं?"

"ओळ जाते म्हणे. 'मागे' दाबल्यावर."

"एकच ना पण?" मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखाद्या सर्जनला विचारलं होतं, "पोटात एकच कात्री राहिली ना?"

दुपारपर्यंत खडूसच्या मजकुराखाली एक्केचाळीस जणांनी लिहिलं, "माझीही गेली!" नसलेला दोष एक्केचाळीस जणांना झाला! एकाला म्हणे पहिल्यापासूनच शंका होती. दुसऱ्याची आठ वर्षांपूर्वी नोकरी गेली होती, ती याच दोषामुळे, असं त्याला आता कळलं. आठ वर्षांपूर्वी 'पुनश्च' जन्मालाही आलं नव्हतं!

साहेबांनी ताईला सगळ्यांदेखत सुनावलं, "दोष सापडेपर्यंत प्रमुखपदाचं नावही काढू नका."

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते! तेवढ्यात ताईनेच माझा दंड धरला. "तू या लोकांशी बोलतोस ना? त्या खडूसला गाठ रे. एवढंच विचार, हे नेमकं कधी होतं."

मी जागेवर गेलो आणि मलाच गाठलं. खडूसने तत्परतेने उत्तर दिलं, "फाइल सातशे ओळींच्या वर गेली की होतं." काहीतरी सांगितलं की ताई बघेल, सापडणार नाही, सोडून देईल, असा माझा हिशेब. म्हणजे सख्ख्या बहिणीला मी ओळखतच नव्हतो!

ताईने सातशे एक ओळींची फाइल घेतली. मग सातशे दोनची. मग सातशे तीनची. चार दिवस हेच. डबा आणायची तसाच परत न्यायची. भाऊजींचा मला फोन आला.

"अरे, तुझ्या बहिणीला झालंय तरी काय? काल जेवताना मीठ मागितलं, तर म्हणाली 'सातशे अकरा'."

"कामाचा ताण असेल, भाऊजी."

"कोण मेला तो खडूस! मला भेटू दे एकदा!"

मी "हो ना" म्हणालो. खरंच म्हणालो. ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

शुक्रवारी डबा खायच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. ताई डबा न उघडताच बसली होती.

"मी आता पूर्वीसारखी राहिले नाही रे," ती म्हणाली. "एक्केचाळीस लोकांना जे दिसतं ते मला दिसत नाही. माझंच काम, आणि मलाच सापडत नाही. साहेबांना सांगते, 'मागे' दुसऱ्या कोणाला द्या."

मी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"ताई, दोष नाहीच आहे."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"खडूस मी आहे."

"सातशे ओळींचंही?"

"तेही."

"सातशेच का?"

"गोल आकडा वाटला."

वाटलं, आता एक ठेवून देईल. दिली असती तर बरं झालं असतं! तिने न उघडलेला डबा पिशवीत घातला आणि निघून गेली.

मी तसाच उठलो आणि साहेबांसमोर जाऊन सगळं ओकलो. साहेबांनी माझा जो उद्धार केला, तो इथे लिहिण्याजोगा नाही. त्यांच्या हुकमावरून मी त्याच संकेतस्थळावर, स्वतःच्या नावाने, कबुलीजबाब लिहिला. दोष नाही, खडूस मीच, चूक माझी. आयुष्यात पहिल्यांदा मी एकही विशेषण न लावता लिहिलं होतं!

कोणाचाही विश्वास बसला नाही.

"बघा, कंपनीने बळीचा बकरा पुढे केला!"

"इतकं खोटं फक्त जाहिरातवालाच लिहू शकतो."

"खडूसदादा, सुखरूप आहात ना? यांनी तुम्हाला काही केलं तर नाही?"

आता आली का पंचाईत! शेवटी सोमवारी ताईनेच 'पुनश्च'ची नवी आवृत्ती काढली. सोबत दोन वाक्यांची सूचना. "'मागे' बटण पुन्हा तपासलं. त्यात काहीही बदललेलं नाही." खोटं लिहिणं तिच्या रक्तातच नाही.

संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस जणांनी लिहिलं, "वा! आता ओळ जात नाही!" कोणी म्हणालं, जलदही झालंय. उरलेले दोघं रजेवर असावेत.

साहेब खूश! ताई विभागप्रमुख झाली. मी तिच्या नव्या खोलीत शिरलो, ते चेहऱ्यावर लहानपणी तिची पेन्सिल मोडल्यावर आणायचो तसं हसू आणून.

"अभिनंदन, ताई. बघ, शेवटी सगळं नीट झालं की नाही?"

"सहा वर्षं राबले, तेव्हा कोणी 'वा' म्हटलं नाही," ती म्हणाली. "काहीच केलं नाही, तेव्हा एकोणचाळीस जणांनी म्हटलं."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"चार दिवस मला वाटत होतं, मला काही येतच नाही. ते कुठलं बटण दाबून मागे न्यायचं, सांग."

मी फरशीकडे बघत उभा राहिलो. त्या खोलीतल्या फरश्या मला आता पाठ आहेत.

प्रमुख म्हणून तिचा पहिला हुकूम माझ्यासाठीच निघाला. माझ्या हातचं अक्षर न् अक्षर आधी तिने वाचायचं, मगच बाहेर जाणार. ही हकिगतही तिच्या नजरेखालून गेली आहे. काना-मात्रेचीही काटछाट न करता तिने ती परत दिली. शेवटी मी माझी बाजू मांडणारी एक ओळ लिहिली होती. फक्त एकच. तेवढी मात्र गायब झाली आहे.