हिला दाखवायचंय

माझ्या मुलीच्या बारशाला आगाशे काकांनी माझ्या वडिलांना सगळ्यांदेखत विचारलं, "आपल्या मिशा जरा वर घेता येतील का?"

आबा आदल्याच दिवशी अमरावतीहून आले होते. आमच्याकडे मिशीला हात लावणं म्हणजे सरळ इभ्रतीला हात लावणं. हॉलमधले सगळे आबांकडे बघू लागले. काका मात्र छोटा कॅमेरा डोळ्यांसमोर धरून शांत उभे. "कापा असं नाही म्हणत मी. ओठ दिसले म्हणजे झालं. हिला दाखवायचंय."

"कोनाले दाखवाचं हाये?" आबांनी विचारलं.

"घरी."

आबांना काय वाटलं कोण जाणे. "लग्नात बी नाही कापली साहेब मी," एवढं म्हणून त्यांनी डाव्या हाताच्या दोन बोटांनी मिशी वर उचलून धरली आणि त्याच अवस्थेत नातीला आशीर्वादाचं भाषण केलं. माझ्या ऑफिसातले मित्र त्या भाषणाची नक्कल अजून करतात.

आगाशे काका म्हणजे आमचे समोरच्या दारचे शेजारी. टेलिफोन खात्यातून निवृत्त. आमची सोसायटी मार्केट यार्डाच्या वरच्या अंगाला आहे. मी तिथे राहायला आलो तेव्हा नव्या नोकरीचा पगार खिशात होता आणि ओळखीचं कुणी नव्हतं. सामान वर चढवताना पहिला माणूस भेटला तो हाच. म्हणाले, "आयटी का? बरं. व्हिडिओच्या फाइलींचं काही कळतं?" मी प्रामाणिकपणे नाही म्हटलं. "वाटलंच," म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

काकांना नाद एकच, रूपांतर. त्यांनी हौसेनं कार्ड घालायचा नवा हँडीकॅम घेतला होता. त्यात फाइल तयार होते, पण ती संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. उघडली तर चित्र येतं, आवाज येत नाही. कधी आवाज येतो आणि चित्राच्या जागी हिरवा पडदा. म्हणून आधी फाइलचं रूपांतर करायचं, मग कापाकापी. काका हे येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत. "कॅमेऱ्यातली फाइल माहेरची भाषा बोलते. सासरी ती कुणाला कळत नाही. दोष दोघांचाही नाही. शिकवून पाठवावी लागते."

हे शिकवणं फार वेळ चाले. काकांचा कॉम्प्युटर जुना, तो रूपांतराला बसला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. तेवढ्या वेळात दिवे जाऊ नयेत म्हणून काका जिन्यात उभे राहून विनंत्या करत. "वहिनी, इस्त्री जरा दुपारनंतर केली तर चालेल? चुरगळलेल्या शर्टानं कुणी मेलेलं नाही." बुधवार पेठेतले कॉम्प्युटरचे दुकानदार त्यांना लांबून येताना पाहिलं की एकदम जेवायला जात, मग सकाळचे अकरा वाजलेले का असेनात.

रूपांतरात चुका होत आणि त्या चुका सोसायटीला आवडत. एका हळदीकुंकवाच्या फिल्ममध्ये चित्राची रुंदी चुकून दोन्ही बाजूंनी दाबली गेली आणि सगळ्या बायका शेवग्याच्या शेंगेसारख्या सडपातळ दिसू लागल्या. काकांनी माफी मागून दुरुस्त सीडी वाटली. ती एकीनंही घेतली नाही. उलट पुढच्या वर्षी "तसलंच रूपांतर करा" अशा मागण्या आल्या. दुसऱ्या एका फिल्ममध्ये आवाज चित्राच्या मागे पडला. अध्यक्षांचं तोंड मिटलं तरी भाषण चालूच. खजिनदार म्हणाले, "मला यात चूक दिसत नाही."

काका हसले नाहीत. त्यांना ओठ आणि आवाज सुईदोऱ्यासारखे एकत्र हवे असत. त्याहून मोठा त्यांचा शत्रू म्हणजे कंगवा. हे नाव त्यांनीच पाडलं होतं. "कॅमेरा प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत घेतो," ते सांगत. "आधी एक सोडून एक रेघा, मग उरलेल्या. माणूस मध्येच हलला की दोन हप्ते जुळत नाहीत आणि कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. हप्त्यांवर घेतलं की असंच होतं. तुमचं फर्निचर बघा." माझं फर्निचर नुकतंच हप्त्यांवर आलं होतं.

हे सगळं कुणासाठी, तर घरी दाखवण्यासाठी. आगाशे काकू कधी खाली यायच्या नाहीत, गणपतीला नाही की कोजागिरीला नाही. दारात दिसल्या तर गोड हसत आणि आत जात. बायकांचा निष्कर्ष ठरलेला होता: बाई शिष्ट आहेत, घरबसल्या नवऱ्याच्या फिल्मची परीक्षा घेतात आणि नापास झाला तर त्याला पुन्हा बसवतात. मलाही ते खरं वाटायचं, कारण नवी फिल्म तयार झाली की काका बोर्डाच्या निकालाच्या दिवशी दिसावं तसे दिसत.

बारशाच्या फिल्मला नेहमीपेक्षा उशीर झाला. माझी बहीण मंदाताई खास अकोल्याहून आली होती. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. ती पाळण्यात वाकली आणि काका कॅमेरा घेऊन जवळजवळ पाळण्यात शिरले. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. धपाट्यांनी ताई हलली, ताईबरोबर तिचे ओठ हलले, आणि जिथे हलतं तिथे कंगवा. काका जिन्यात भेटले की तक्रार करत. "इतकं मारायचं काय कारण होतं? नावच सांगत होती ती."

शेवटी एका रविवारी सकाळी त्यांनी बोलावलं. गेलो, तर काकू मॉनिटरसमोर अगदी जवळ खुर्ची ओढून बसलेल्या. काका मागे स्टुलावर. स्पीकरचा आवाज इतका मोठा की खिडकीची काच थरथरत होती. मी "नमस्कार काकू" म्हटलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. काकांनी त्यांच्या खांद्याला हात लावला, त्या वळल्या, माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मी पुन्हा नमस्कार म्हटला, तेव्हा त्या हसल्या.

"थोडं ऐकू येतं मला," त्या म्हणाल्या. "बाकीचं ओठांवरून लावून घेते. कानाचं यंत्र आहे, पण चार माणसांत ते घातलं की नुसती भांडी पडल्यासारखं होतं. मग सारखं काय, काय म्हणून विचारायचं. लोक एकदा सांगतात, दोनदा सांगतात, मग राहू दे म्हणतात. ते राहू दे फार लागतं हो."

आम्ही या बाईला शिष्ट म्हणत होतो. मला मनापासून वाईट वाटलं आणि काकांविषयी इतकं प्रेम दाटून आलं की मी खाली बघत राहिलो.

फिल्म पुढे सरकत होती. आबांचं मिशीधरलं भाषण सुरू झालं आणि काकू आबांबरोबर पुटपुटू लागल्या, मग खळखळून हसल्या. बारशाला आम्ही जिथे हसलो होतो, नेमकं तिथेच. काका पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांचं लक्ष काकूंच्या चेहऱ्यावर होतं.

मग पाळणा आला. मंदाताई वाकली. धपाट्यांचा आणि बायकांच्या कुर्र-कुर्रचा नुसता गोंगाट, ताईचा आवाज त्यात कुठेच नाही. पण ओठ स्वच्छ होते, एक दाता नाही. काकू पुढे सरकल्या.

"ईरा म्हणाली," काकू म्हणाल्या. "आणि पुढे म्हणाली, नाव काईबी ठिवो, माह्यासाठी तू ठमीच."

मी म्हटलं, "काकू, तिनं फक्त नाव सांगितलं."

"नाही. माह्यासाठी म्हणाली. माझ्यासाठी नाही, माह्यासाठी."

मी तिथूनच ताईला फोन लावला. काकूंनी ओळखलेलं वाक्य तिला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मग ताई दबक्या आवाजात म्हणाली, "तुले कोनं सांगतलं? मी त पोरीच्या कानात म्हटलं होतं."

मी मान डोलावून काकांना 'बरोबर आहे' अशी खूण केली. काका स्टुलावरून उठले. लग्न झाल्यापासून नाही तरी गेली कित्येक वर्षं लोक काय म्हणाले ते काकूंना सांगणारा हा एकटा माणूस होता. ओठांवर नसलेलं हसू काकांच्या डोळ्यांत आलं होतं.

"मला नाही ऐकू आलं ते," काका म्हणाले.

"तुम्हाला कसं येईल?" काकू म्हणाल्या.

काकांनी स्पीकरचा आवाज पार बंद केला. स्टूल मागून उचलून काकूंच्या शेजारी आणून ठेवलं, त्यावर बसले आणि म्हणाले, "आता पहिल्यापासून लावतो. कोण काय म्हणतंय ते मला तू सांग."