साडेसहाची गोवा आणि शेंडगे आप्पांचे काटे

शेंडगे आप्पांच्या घरी संध्याकाळी साडेसहाला चहाला गेलात, तर तुम्हाला पट्टा बांधावा लागतो. चपला बाहेर काढायच्या, आतल्या खोलीत जाऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचं आणि जुन्या जीपमधून काढलेला पट्टा पोटावर आवळायचा. चहा मिळतो, पण विमान ढगांच्या वर गेल्यावर. तोवर कोणी हातात कप धरलेला आप्पांना चालत नाही. मी एकदा धरला होता. त्यांनी विमान धावपट्टीवर उभं करून ठेवलं आणि मी कप खाली ठेवेपर्यंत माझ्याकडे नुसतं बघत राहिले.

विमान अर्थातच संगणकातलं. दौंडमध्ये कुरकुंभ रस्त्याला आमची कॉलनी आहे, आणि या कॉलनीतून रोज संध्याकाळी साडेसहाला पुणे-गोवा विमान सुटतं. आमच्या गावात घड्याळं रेल्वेवर लावतात. पण आमच्या गल्लीत ‘साडेसहाची गोवा गेली का’ असं विचारून बायका कुकर लावतात.

आप्पा म्हणजे दशरथ शेंडगे. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये त्यांनी तीस वर्षं काढली. भिंतभर काटे, दिवे आणि आकडे. त्यांच्यावर नजर ठेवायची आणि एखादा काटा वाकड्यात गेला की वेळेत ओळखायचं, हे त्यांचं काम. त्यांचे वडील मेंढरं घेऊन दरवर्षी घाट उतरायचे. ‘बापानं मेंढरं राखली, म्या काटे राखले. नजर तीच,’ असं आप्पा अभिमानाने सांगतात. निवृत्त झाल्यावर राखायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी विमान घेतलं, असा सुरुवातीला आम्हा सगळ्यांचा समज होता.

खोलीत समोर मोठा टीव्ही आहे, त्यात बाहेरचं आकाश दिसतं. त्याच्याखाली दोन लहान पडदे, त्यांत उंची, वेग आणि इंजिनाची तब्येत दाखवणारी घड्याळं. आप्पा त्या सगळ्यांना सरसकट ‘काटे’ म्हणतात. बसायला भंगारातून आणलेली एसटीच्या ड्रायव्हरची सीट. वेग वाढवायचा दांडा पूर्वी विहिरीवरच्या मोटरला होता. दसऱ्याला या सगळ्याला झेंडूच्या माळा पडतात आणि त्या दिवशी विमान उडत नाही.

उड्डाणाआधी आप्पा घोषणा करतात. ‘पुण्याहून सुटून गोव्याला जाणारं विमान थोड्याच वेळात फलाट क्रमांक एकवरून सुटंल.’ विमानतळावर फलाट नसतो, असं मी एकदा सांगितलं. मी आयुष्यात दोनदा विमानात बसलोय आणि ते सांगायची संधी सोडत नाही. ‘मग काय असतंय?’ त्यांनी विचारलं. गेट असतं, म्हणालो. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. तुम्ही कितीदा बसलात, असं मी विचारलं, तर उत्तर द्यायच्या ऐवजी ते इंधन तपासायला लागले.

त्यांचा एक मंत्र आहे. ‘चालू प्लांटला हात लावायचा न्हाई.’ कंपनीत कुठलंही दुरुस्तीचं काम करायचं तर आधी परवाना भरावा लागायचा. काय काम, कोण करणार, काय चुकू शकतं, सही. ती पद्धत आप्पांनी घरात आणली. परवान्यांचं एक पुस्तकच त्यांनी छापून घेतलंय. घरातला गॅसचा पाइप बदलायचा असो की पंख्याचं पातं पुसायचं असो, आधी परवाना. काकूंनी एकदा त्यांच्या नकळत माउस पुसला होता, तर आप्पांनी मागाहून त्याचाही परवाना भरून घेतला. ‘काय चुकू शकतं’ या रकान्यात काकूंनी ‘संसार’ असं लिहिलं होतं.

हिराकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. रोजच्या उड्डाणाला त्या हजर असतात. आप्पांच्या मागे खुर्चीवर बसून मटार सोलतात नाहीतर मेथी निवडतात. हा सगळा खटाटोप काकूंसाठीच आहे, असं आप्पा सगळ्या गल्लीला सांगत आले होते. ‘हिला इमानाची लई भीती. रोज बसवून बसवून भीती मोडतोय.’ त्याला कारणही होतं. त्यांची एकुलती एक मुलगी सुवर्णा कॅनडात असते. दोन वर्षांपूर्वी दोघं तिच्याकडे निघाली होती, मुंबईच्या विमानतळात गेली आणि तासाभरात बाहेर येऊन परत फिरली. काकूंना चक्कर आली, असं सांगण्यात आलं. तेव्हापासून गल्लीतल्या बायका काकूंना ‘काय हो, आज उडणार का?’ म्हणून चिडवतात आणि काकू हसून मान खाली घालतात.

आता सुवर्णाचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. दोघांची तिकिटं तिने काढून पाठवली, गुरुवारची. आठ दिवस राहिले होते. या वेळी विमानतळावरून परत यायचं नाही, एवढंच सगळ्यांच्या मनात होतं. आणि नेमका इथे मी मध्ये पडलो.

मी कॉलेजात संगणक शिकवतो. त्यामुळे गल्लीत कोणाचाही मोबाइल अडला की ‘सर’ची आठवण होते, आणि मलाही ती होऊ द्यायला आवडतं. त्या दिवशी तिकिटं आणि कागदपत्रं छापायला नवा प्रिंटर आला होता. आप्पांनी मला प्रिंटर जोडण्याचा परवाना भरायला लावला, सही घेतली आणि पुतण्याच्या उसाला तोड आली म्हणून पाटसला गेले.

प्रिंटर पाच मिनिटांत जोडून झाला. मग पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन वर आला. ग्राफिक्स ड्रायव्हरचं नवं व्हर्जन तयार आहे, म्हणे. ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकात चित्रं काढणारा भाग आणि ड्रायव्हर म्हणजे त्याला काय काढायचं ते समजावणारा प्रोग्रॅम. हा चौकोन रोज यायचा आणि आप्पा रोज ‘नंतर’ दाबायचे. पडद्याच्या त्याच कोपऱ्यावर त्यांनी चिकटपट्टी लावून ‘हात लावू नये’ असं लिहिलं होतं. मला हसू आलं. एवढा शहाणा माणूस आणि फुकट मिळणारी सुधारणा नको म्हणतोय. आपण करून टाकू, चित्र आणखी सुरेख होईल, आप्पा खूश होतील. मी ‘होय’ दाबलं. परवाना प्रिंटरचा होता, हे तेव्हा मला आठवलं नाही.

संध्याकाळी मीही चहाला गेलो, कौतुक ऐकायला. पट्टा बांधला. उड्डाण झक्कास झालं. टीव्हीतले ढग खरंच आधीपेक्षा छान दिसत होते. मी दोनदा ‘वा’ म्हणालो. गोवा जवळ आलं आणि विमान खाली यायला लागलं, तेव्हा खालच्या दोन पडद्यांचं काहीतरी बिनसलं. घड्याळं अडखळायला लागली. वेगाचा काटा थांबायचा आणि एकदम उडी मारायचा. उंचीचा काटा दोन हजार फुटांवर चिकटून बसला. वर टीव्हीत मात्र झाडं, छपरं, रस्ते सरसर जवळ येत होते.

‘अहो, जमीन आली,’ काकू मटारातून मान वर काढून म्हणाल्या.

‘दोन हजार हाय,’ आप्पा काट्यावर नजर रोवून म्हणाले.

‘अहो, आली म्हणते ना.’

‘काटा दोन हजार दावतोय.’

विमान धावपट्टीच्या बरंच अलीकडे एका डोंगरात घुसलं. नंतर दोन्ही लहान पडदे काळे झाले. मी खजील होऊन सगळं कबूल केलं. वाटलं, आता आप्पा फाडून खातील. पण त्यांनी हात दांड्यावरून काढून मांडीवर ठेवले. मग उठून अंगणात नळापाशी जाऊन बसले. काकू बाहेर गेल्या, तेव्हा एवढंच म्हणाले, ‘पोरीला सांग, तिकिटं रद्द कर.’

मी काकूंची माफी मागितली. आता तुमची भीती परत आली असेल, असं काहीतरी बोललो. त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीत गूळ-शेंगदाणे घेऊन त्या आमच्याकडे आल्या आणि ओट्यापाशी उभ्या राहूनच बोलल्या.

‘सर, एक सांगू का? भीती मला न्हाई. ह्यांना हाय. त्या दिवशी इमानतळावर ह्यांचंच पाय कापाय लागलं. मला म्हणाले, तुला चक्कर आली म्हणून सांग. म्या सांगितलं. माझं काय जातंय? मला बायका हसल्या तर मी हसून घेती. पण कंपनीत ह्यांच्या शब्दावर प्लांट बंद व्हायचा. ह्यांना कुणी हसलेलं मला बघवायचं न्हाई. आन् तिकिटांचं म्या पोरीला अजून काय सांगितलं न्हाई.’

(हे लिहायला आप्पांनी मला नंतर रीतसर परवाना दिलाय. ‘काय चुकू शकतं’ या रकान्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात ‘गल्ली हसंल’ असं लिहून खाली सही केली आहे.)

दोन वर्षं मीसुद्धा त्या बाईला चिडवत होतो. मला स्वतःची लाज वाटली. कॉलेज सुटल्यावर तडक आप्पांकडे गेलो आणि नवा ड्रायव्हर काढून जुना परत बसवायचा परवाना भरला. ‘काय चुकू शकतं’ इथे ‘सरांचा आगाऊपणा’ असं लिहिलं. आप्पांनी ते दोनदा वाचलं, सही केली आणि भिंतीच्या देवळीतल्या डब्यातून एक पेनड्राइव्ह काढून दिला. जुन्या ड्रायव्हरची प्रत त्यांनी पहिल्या दिवसापासून जपून ठेवली होती. तासाभरात काम झालं. मी विमान उडवून बघितलं, तर काटे पुन्हा लोण्यासारखे फिरायला लागले.

‘या आप्पा, बसा,’ मी सीटवरून उठत म्हणालो. साडेसहा वाजायला आले होते.

आप्पा आले, पण पुढे बसले नाहीत. काकूंच्या शेजारी दुसरी प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, तीवर बसले आणि पट्टा बांधला.

‘तुमी चालवा,’ म्हणाले. ‘आन् मधे उभी चादर लावा. काटं मला दिसू देऊ नका.’

मी दोरी बांधायला लागलो. मागून आप्पाच बोलायला लागले. ‘सर, काटा दिसतोय तवर मला कशाचं भ्या न्हाई. कंपनीत टाकी तापून फुटायला आली हुती तवा सगळी पळाली, म्या बसून ऱ्हायलो. पण इमानात मागं बसायचं, समोर दुसऱ्याची पाठ, आन् काटा कुठं गेलाय ते आपल्याला ठावं न्हाई. ते मला सोसत न्हाई.’ मग म्हणाले, ‘काल मात्र काटाच खोटं बोलला. आन् ही शेजारी बसून खरं सांगत हुती. म्या तिचं ऐकलं न्हाई.’

मी दोरीवर चादर टाकली आणि विमान उडवलं. मला नीट येत नाही, त्यामुळे विमान चांगलंच डुलत होतं आणि स्पीकरमधून इंजिन गुरगुरत होतं. चादरीमागून आप्पांचा श्वास ऐकू येत होता. दर मिनिटाला ते उंची विचारत होते आणि काकू सांगत होत्या. आधी मला वाटलं, त्या वाकून बघून सांगतायत. पण गोवा यायच्या आधी मी मागे डोकावलो, तर आप्पांचे डोळे गच्च मिटलेले होते, काकूंचा मटाराने हिरवा झालेला हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता आणि काकू मनाला येईल तो आकडा सांगत होत्या.

बुधवारपर्यंत आम्ही रोज असंच उडालो. गुरुवारी त्यांना सोडायला मीही मुंबईला गेलो. विमानतळाच्या दारात आप्पांचा घाम मी बघितला, पण तो दिसल्याचं दाखवलं नाही. काकूंनी त्यांच्या खांद्यावरची बॅग स्वतःकडे घेतली आणि दोघं आत गेली. मी गाडीच्या ड्रायव्हरला दोन तास थांबायला सांगितलं आणि बाहेरच्या कठड्याला टेकून त्या काचेच्या दाराकडे बघत राहिलो. दार उघडलं की आप्पा परत येतायत का, ते बघायचो. एक तास गेला. दोन गेले. ड्रायव्हर कुरकुरायला लागला, तर त्याला म्हणालो, आणखी एक तास.

मग काकूंचा फोन आला.

‘सर, बसलो. आता तुमी जावा घरी.’

‘आप्पा कसे आहेत?’

‘डोळं मिटून बसल्यात. सारखं इचारत्यात, किती उंची झाली. अजून इमान जाग्यावरनं हललं न्हाई.’

‘मग तुम्ही काय सांगता?’

‘म्या सांगितलं, पाच हजार झाली, आता काय न्हाई.’ काकू हळूच हसल्या. ‘खिडकी उघडीच हाय, सर. बाहेर मानसं सामान चढवताना दिसत्यात. पण ह्यांनी डोळं उघडलं न्हाईत. माझा हात धरला आन् म्हणाले, तू सांगतीस म्हंजी असंल.’