‘चालते व्हा’ प्रायव्हेट लिमिटेड

अकोला ते अमरावती या पट्ट्यातल्या सगळ्या सीईओंमध्ये सगळ्यात देखणा मीच, हे मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही. पण दुसरं कुणी सांगतच नाही, मग काय करावं! आमच्या कंपनीचं नाव ‘चालते व्हा प्रायव्हेट लिमिटेड’. कंपनीत माणसं दोन: शास्त्रज्ञ डॉ. प्रियदर्शनी आणि सीईओ मी, म्हणजे पियुष. ती शोध लावते, मी व्हिजिटिंग कार्डं छापतो.

शोध असा. आमच्या वऱ्हाडात हरभरा पेरतो शेतकरी आणि खातो रोही, म्हणजे नीलगाय. घोड्याएवढं जनावर, चेहरा गरीब गाईचा! कळपानं वावरात शिरतं आणि लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखं जेवतं. प्रियदर्शनी माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिनं पाच वर्षं खपून वाघाच्या मुताचा वास प्रयोगशाळेत तयार केला. नमुन्यांसाठी ती परतवाड्याहून वर मेळघाटात जाऊन वाघाच्या मागे फिरली. मागे म्हणजे अगदी मागेच! धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, हा वास फवारला की रोह्याला वाटतं, वाघोबा आत्ताच येऊन गेले, आपण चालते व्हावं.

विद्यापीठाच्या प्लॉटवर सगळं सिद्ध झालं होतं. पण तिची फेलोशिप संपली होती, आणि हैदराबादच्या एका खत कंपनीला तिनं सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. त्याआधी आमच्यात कुणी पैसे गुंतवले नाहीत, तर वाघ बरणीत, शास्त्रज्ञ हैदराबादेत आणि सीईओ मोठ्या काकांच्या, म्हणजे मोठेबाबांच्या, गोठ्यात!

अशात पुण्याच्या एका फंडाच्या साधना मॅडम शनिवारी डेमो पाहायला यायला कबूल झाल्या.

“तू काहीच टेन्शन घेऊ नको,” मी प्रियदर्शनीला म्हटलं. “डेमो पुरा माझ्यावर सोड.”

“त्याचंच तं भेव लागून राहिलं मले!”

डेमो साधा होता. मूर्तिजापूरजवळ माझ्या मोठेबाबांचं, महादेवरावांचं, हरभऱ्याचं वावर आहे. अर्ध्या वावराला औषध मारायचं, अर्धं कोरं ठेवायचं. दिवस कलला की रोही येणार, कोऱ्या भागात चरणार, औषधाच्या भागाकडे ढुंकूनही पाहणार नाही. मॅडम हे बघणार आणि जागच्या जागी पैसे लावणार.

“फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेव,” प्रियदर्शनी म्हणाली. “डोस वाढवू नको. अन् वावरात गर्दी नको, रोही माणसाले भेते.”

मी दोन्ही गोष्टी चोख ध्यानात ठेवल्या. ठेवल्या म्हणूनच तर त्या नेमक्या मोडता आल्या!

आधी डोस. पंपाला दोन टोपणं घालायची होती. पण मॅडम पुण्याहून येणार, एवढ्या लांब येऊन वासच आला नाही तर काय म्हणतील! मी बाटली उपडी केली. पहिल्याच फवाऱ्याला बाभळीवरचा कावळा उडाला. धुऱ्यावर झोपलेला कुत्रा उठला, माझ्याकडे दुःखानं पाहिलं आणि मूर्तिजापूरच्या दिशेनं निघून गेला. तो अजून परतलेला नाही.

मग गर्दी. मी मोठेबाबांना एवढंच सांगितलं, की पुण्याहून पाहुण्या बाई वावर पाहायला येणार आहेत.

“मंग रोडगे टाकावं लागन!”

“मोठेबाबा, त्या जेवायला नाही, गुंतवणूक करायला येऊन राहिल्या.”

“अबे येड्या, उपाशीपोटी कोणाचा हात खिशात जाते का?”

मी बिझनेस प्लॅनमध्ये तुपाचा खर्च धरला.

आणि रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, काही दोन माणसांचे होत नाहीत. गोवऱ्यांचा जाळ लावायचा तर दहा जण लागतात, दहा जण आले की त्यांच्या घरचे येतात. शनिवारी दुपारी अर्धं गाव वावरात! आधी सगळ्यांनी औषधाच्या भागात बाभळीखाली बस्तान मांडलं. मोठेबाबांच्या बायकोनं, माणिकबाईनं, एक श्वास घेतला, पदर नाकाला लावला आणि परातीसकट उठली. तिच्या मागे सगळं गाव उठलं. गोवऱ्या, वरणानं भरलेला गंज, वांगी, पोरंबाळं, सगळं कोऱ्या भागात! धुराचा लोट असा निघाला की रेल्वेला वाटावं, सिग्नल पडला.

तेवढ्यात प्रियदर्शनी साधना मॅडमना घेऊन गाडीतून उतरली. तिनं धूर पाहिला, गाव पाहिलं, शेवटी मला पाहिलं. वाघ फक्त मेळघाटात असतात, हे विधान मी तिथेच मागे घेतलं.

“रोही नक्की कुठल्या भागात येणं अपेक्षित आहे?” मॅडमनी वही काढली.

“ते वरण उकळतंय ना, तिथे,” प्रियदर्शनी म्हणाली.

दिवस कलला आणि रोह्यांचा कळप आला. येऊन थांबला. एकीकडे वाघ, दुसरीकडे मोठेबाबा! कळपानं थोडा विचार केला आणि वाघ निवडला. औषधाच्या भागात शिरून सगळे रोही हरभरा खाऊ लागले. तोंडं मात्र अशी, जसा नवा जावई सासुरवाडीत कारल्याची भाजी खातो.

“म्हणजे औषध चालत नाही,” मॅडम म्हणाल्या.

“चालतं मॅडम!” प्रियदर्शनी म्हणाली. तिनं वाकून माती हुंगली आणि माझ्याकडे वळली. “किती टाकलं बे?”

“बाटली.”

“पुरी?”

“थोडी सांडली.”

“मॅडम, योग्य डोस असला तर तो वास वाघाचा वाटतो. इतका मारला की वाघ वाटतच नाही, नुसती घाण वाटते! आणि घाणीला रोही भीत नाही.”

मॅडमनी वही मिटली. पाच वर्षं त्या वहीत मिटल्याचा आवाज मला स्पष्ट आला.  प्रियदर्शनीनं खिशातून फोन काढला आणि हैदराबादच्या गाड्या पाहायला लागली.

“रोह्याले राहू द्या ना ताई,” मोठेबाबा मॅडमना म्हणाले. “रोडगा थंडा होऊन राहिला!”

मॅडम जेवायला बसल्या. दुसऱ्या रोडग्यावर तूप घेताना त्यांनी माझ्या मोठ्या मायला विचारलं, “काकू, तिकडे बाभळीची सावली आहे, तरी तुम्ही सगळे इकडे उन्हात का बसलात?”

“व माय! तिकडे माणूस उभा तरी राहू शकते का? आमचा पुंजाराम रोज त्या बाभळीमांगे लघवीले जाते. आज थो बी तसाच वापस आला!”

“वहिनी, पाहुण्याइसमोर काहून सांगता!” पुंजाराम वरणात तोंड लपवू लागला.

मॅडमनी घास खाली ठेवला. “परत आले? न करता?”

“न करता!” अर्ध्या गावानं ग्वाही दिली.

“आमच्या सोसायटीची कंपाउंडची भिंत आहे,” मॅडम हळूच बोलू लागल्या, एखादं घरचं दुःख सांगावं तशा. “चार पाट्या लावल्या. दोन तर मी स्वतः लिहिल्या. लोक पाटी वाचत वाचत करतात!” मग त्या प्रियदर्शनीकडे वळल्या. “पुण्यात अशा भिंती किती असतील?”

“रोह्याचं काम मी सोडणार नाही मॅडम,” प्रियदर्शनी म्हणाली. पण फोन तिनं खिशात ठेवला.

“सोडू नका. भिंतीच्या पैशावर हरभरा वाचवा. सोमवारी कागद पाठवते. हा जास्तीचा डोस कुणी शोधला?”

“मी!” मी छाती पुढे काढली.

“उत्तम. मग सीईओ डॉक्टर प्रियदर्शनी, आणि भिंतींवर फवारायला तुम्ही.”

तर हल्ली माझा हुद्दा ‘प्रमुख, भिंत विभाग’ असा आहे. पुण्याआधी सुरुवात म्हणून, पाठीवर पंप घेऊन मी अमरावतीच्या भिंती फवारतो. वास अंगातून जात नाही. बडनेऱ्याहून अकोल्याला जाताना गाडीत अख्खा बाक माझा असतो! घरी आई ताट दाराबाहेरच्या ओट्यावर आणून ठेवते आणि आत जाऊन विचारते, “जेवला का रे?”

प्रियदर्शनीनं मोठेबाबांच्या वावराला नेमका दोन टोपणं डोस मारला. तिथे आता एकही रोही फिरकत नाही. परवा मी तिथेच, धुऱ्याबाहेर, एकटा डबा खात होतो, तर एक रोही आला. त्यानं मला हुंगलं, काही हरकत घेतली नाही, आणि अगदी खेटून बसला. महिन्याभरात एवढ्या जवळ कुणी बसलं नव्हतं हो! मला भरून आलं. ओळख करून द्यावी म्हणून खिशातून कार्ड काढून पुढे धरलं.

त्यानं ते खाल्लं. बरंच झालं म्हणा, त्यावर अजून सीईओच छापलेलं होतं.