गांजावर, निकोटीनवर, वरच्या मजल्यावर

“व्यसन?” चष्म्यावरून पाहत गुरुजींनी पहिलाच प्रश्न टाकला.

संशोधक पती-पत्नी खुर्च्यांच्या कडांवर टेकले होते. प्रयोगशाळेसमोरचा हा वरचा मजला त्यांना मिळायलाच हवा होता. कारण जुन्या घरमालकाने त्यांचे सामान उद्या रस्त्यावर मांडण्याचे आश्वासन दिले होते. खालच्या मजल्यावर राहणारे हे नवे घरमालक म्हणजे व्याकरणाचे निवृत्त शिक्षक. आयुष्यात त्यांनी ना कुणाची चूक पोटात घातली, ना स्वतःचा उच्चारलेला शब्द कधी मागे घेतला. दारावरच्या पाटीवर ‘निर्व्यसनी कुटुंबासच’ ही ठसठशीत अक्षरे होती, आणि किल्ली गुरुजींच्या मुठीत होती.

“छे हो! चहासुद्धा अर्धाच कप.”

“उत्तम. करता काय?”

“मी गांजावर आहे,” संशोधक विनयाने म्हणाला. “आणि ही निकोटीनवर.”

प्रयोगशाळेत ही भाषा इतकी अंगवळणी पडली होती, की आपण काही विपरीत बोललो याची त्याला गंधवार्ताही नव्हती. मुठीतली किल्ली मात्र किणकिणली.

“निकोटीन म्हणजे तंबाखूतलं, तेच ना? किती वर्षं?”

“माझी अकरा झाली. हिला नंतर मीच आणलं.”

“आधी मी दारूवर होते,” पत्नीने भर घातली. “पण तिथं पुढे फारसा वाव नाही, असं सासरे म्हणाले.”

“सासरे म्हणाले!”

“बाबा स्वतः अफूवर होते ना,” संशोधकाचा ऊर अभिमानाने भरून आला. “अगदी निवृत्तीपर्यंत. केवढा सत्कार झाला त्यांचा!”

“आणि या सगळ्याला पैसा?”

“सरकार देतं की.”

गुरुजींनी पाण्याचा पेला एका घोटात रिता केला. “मुलंबाळं?”

“अजून नाहीत. उंदीर आहेत.”

“सगळा जीव त्यांच्यातच आमचा,” पत्नी म्हणाली. “त्यांनाही थोडं थोडं देतो. एकदा चटक लागली त्यांना, की कसं कृतार्थ वाटतं!”

“अगं ए!” गुरुजी ताडकन उठले. “पोलिसांचा नंबर शोध!”

गुरुजींच्या पत्नी, म्हणजे काकू, स्वयंपाकघरातून चहाची पळी घेऊनच आल्या. “काय आरडाओरडा हा? अहो, समोरच्या प्रयोगशाळेतली माणसं ही. व्यसन कसं लागतं नि कसं सुटतं, त्याचं संशोधन करतात. होय ना रे?”

“तेच तर सांगतोय मघापासून!” संशोधक म्हणाला.

गुरुजी मटकन बसले. पोलिसांचा विषय मिटला, पण त्याहून घोर अपराध त्यांना आता दिसला.

“मग ‘संशोधन करतो’ हे क्रियापद कुठं गेलं? ‘वर’ म्हणजे एवढंसं शब्दयोगी अव्यय, त्याच्या डोक्यावर साऱ्या वाक्याचा भार! जो आज क्रियापद गाळतो, तो उद्या माझा नळ गळता ठेवील. जागा मिळायची नाही.”

रस्त्यावर मांडलेले कपाट संशोधकाच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

“वा रे वा!” काकूंनी कंबरेवर हात ठेवला. “पाटी निर्व्यसनीची, आणि घरात अट्टल व्यसनी तुम्हीच. आधीचे भाडेकरू का पळाले? आजारपण सांगायला आले, तर त्यांच्या कण्हण्यातही चुका काढल्यात!”

“मी? व्यसनी?”

“चहा उकळेपर्यंत कुणाची चूक न काढता बसून दाखवा. मग पाटीचं बोला.”

गुरुजींनी ओठ मिटले. संशोधकाच्या पत्नीने शास्त्रीय कुतूहलाने खुर्ची पुढे ओढली.

“काकू, दूध उतू जाईल हं, ती फार तापली आहे.”

गुरुजींच्या मानेला हिसका बसला.

“आणि हा भिंत! किती सुंदर आहे हा भिंत!”

आता दात कडकडले, पंजे थरथरू लागले.

“हुबेहूब आपला थोरला उंदीर, डोस बंद केल्यावरचा,” संशोधक पुटपुटला.

आतून चहाचा खदखदाट ऐकू येऊ लागला. पत्नीने आजवर निष्ठेने सांभाळलेली मातृभाषा पणाला लावली. गुरुजींच्या मुठीकडे बोट दाखवून ती लाडिकपणे म्हणाली, “गुरुजी, हा तुमचा किल्ली ना?”

“तुमची!” गुरुजी कडाडले. “तुमची किल्ली! तुमची! तुमची!” आणि दर शब्दासरशी हात आपटताना मूठ उघडली नि किल्ली टेबलावर पडली.

“आमची?” संशोधकाने ती अलगद उचलून घेतली. “फार उपकार झाले, गुरुजी.”

गुरुजी किल्लीकडे झेपावले, आणि अर्ध्यातच थांबले. उच्चारलेला शब्द मागे घेण्याची त्यांना सवय नव्हती. काकूंनी चहा गाळला. एक घोट घेऊन गुरुजींनी कप खाली ठेवला.

“ठीक आहे. पण पत्ता सांगताना ‘आम्ही वरच्या मजल्यावर आहोत’ म्हणाल, तर खबरदार! ‘राहतो’ म्हणायचं. नाहीतर लोकांना वाटेल, माझं घर चिलमीत भरून ओढता.”