बेगमचा भोवरा

शेषराव माणसाचं नाव नंतर विचारतात, आधी डोक्यावरचा भोवरा पाहतात. चिकलठाण्याच्या आमच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की हे जिन्यात उभे. "वाका जरा." गॅसची टाकी आणणारा वाकला, नळवाला वाकला, एकदा मतं मागायला आलेला उमेदवारही वाकला. तो गेल्यावर निकाल लागला : "मागं सरकलेला हाय. लाथ मारल."

माझ्याकडे पाहून मात्र ते हळहळतात. "सर, तुमाला टक्कल पडलं. तुमचं आता काय कळायचं?"

ही विद्या घोड्यांची. घोडा घेताना जाणकार दातांइतकेच अंगावरचे भोवरे पाहतात. शेषरावांनी आयुष्यभर वरातीत घोडी चालवली. शेवटची बेगम, पांढरी, कपाळावर जोडभोवरा. "बेगमवरून एक नवरदेव पडला नाय. पुढं संसारात पडले, तो त्यांचा भोवरा."

गेल्या वर्षी बेगम गेली. त्याआधी दोन महिने माझी पत्नी सुमन गेली होती. त्यामुळे आम्ही दोघं संध्याकाळी एकाच बाकावर बसू लागलो. मी फारसं बोलत नसे. ते बेगमबद्दल बोलत.

बेगम आजारी असतानाच त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं, की परदेशात घोड्याच्या कातड्याच्या तुकड्यापासून हुबेहूब तोच घोडा पुन्हा जन्माला घालतात. "झेरॉक्स निघती, सर!" ती गेली त्या दिवशी डॉक्टरांच्या हातापाया पडून त्यांनी तिच्या कानाचा तुकडा मागून घेतला आणि काजूकतलीच्या डब्यात घालून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला. त्यांची सून सोसून घेते, पण मधूनच म्हणते, "मामा, मटार काढाया गेलं की बेगमचा कान हाती येतो."

गंगापूरला त्यांच्या मेहुण्याकडे बेगमच्या मुलीची शिंगी आहे, म्हणजे बेगमची नात. मेहुणा म्हणतो, पैसे नकोत, घेऊन जा. शेषराव ऐकत नाहीत. "लेकीत अर्धी उतरली, नातीत पाव. पाव बेगम घिऊन काय करू? मला सगळी पायजे."

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, म्हणून वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी आठ दिवस वाचलं. मग बाकावर सांगितलं, की त्याला जिवंत पेशी लागतात. घरच्या फ्रीजरात त्या मरतात.

"दुसरा तुकडा मिळाला असता तर?"

"तरी ते शिंगरू दुसऱ्या घोडीच्या पोटात वाढणार. रक्त तेच, पण कपाळावरचा भोवरा त्याच जागी येईल असं नाही. तो पोटात वाढताना जसा पडेल तसा."

शेषरावांनी विचारलं, "मंग ती मला वळखणार?"

"नाही, शेषराव. तिची-तुमची भेट पहिलीच असेल."

ते उठून गेले. पुढं आठवडाभर सोसायटीत कुणालाही वाकावं लागलं नाही. लोकांना चुकल्या-चुकल्यासारखं वाटू लागलं.

रविवारी माझी मुलगी तिच्या चार वर्षांच्या लेकीला घेऊन आली. जिन्यात शेषराव भेटले. सवयीनं म्हणाले, "वाक गं बाई." नात वाकली. ते बराच वेळ पाहत राहिले.

"सर, हिकडं या. भांगाच्या डाव्या अंगाला, आडवा. वहिनींचा हाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"बेगमला गूळ चारताना पदर पडायचा ना त्यांचा. कितींदा बघितला. लई शांत भोवरा. म्हनून तर बेगम त्यांच्या हातचंच खायची."

अडतीस वर्षांच्या संसारात सुमनच्या केसांत भोवरा कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं. असा भोवरा जुळणं निव्वळ योगायोग असू शकतो, हेही मी त्या आठ दिवसांत वाचलं होतं. तरी मी नातीच्या डोक्यावर बोट ठेवलं. केस तिथं हळूच वळत होते.

"पाव तर पाव," शेषराव स्वतःशीच म्हणाले. मग मला, "सर, उद्या गंगापूरला येता का? शिंगीला बघून येऊ. जाताना गूळ घ्या."

सुमनचा गुळाचा डबा त्याच फळीवर होता. वर्षभरात मी तो पहिल्यांदाच उघडला. गूळ घट्ट झाला होता. बत्त्यानं फोडावा लागला.